तीन हातांचं माप

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं, पुढच्यांनी पाय आत घ्यावेत. देवाच्या दारात जागा कधी कमी पडत नाही, आपणच पसरून बसतो म्हणून तसं वाटतं. आज एक कथा सांगतो. कथा हिऱ्याची आहे, पण घाबरू नका, राजाराणीची नाही. कोट शिवणाऱ्या आपल्या त्याच घराची आहे. मागे चिरंजीवांनी लग्नाचं नाव काढलं आणि मुलगी लिफ्ट तपासणारी निघाली, तेव्हा त्या घरात तीन दिवस कात्रीसुद्धा दबक्या आवाजात चालत होती. ते झालं. रुसवे झाले, होकार झाला, मुलीला पाठीमागे ‘तपासनीस’ म्हणून झालं आणि मग तोंडावरही म्हणून झालं. आता राहिली होती अंगठी.

बुधवारी दुपारी दुकानाला दोन तासांची सुट्टी देऊन पाच जण सराफाच्या जिन्याला लागले. पुढे वहिनी, त्यांच्यामागे त्यांचे यजमान मोठे मास्तर, मग चिरंजीव आणि तपासनीस, आणि सगळ्यांत शेवटी आत्या.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. वय त्रेपन्न, लग्न नाही, आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोटाची काजं तिच्या हातची. तिच्याकडे पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, वहिनींचा जवळचा चष्मा आणि वहिनींचा लांबचा चष्मा. दुकानाच्या किल्ल्या मात्र पिशवीत नव्हत्या. त्या वहिनींच्या पर्समध्ये होत्या, कारण आत्या वेंधळी होती. ही गोष्ट घरात इतकी सर्वमान्य झाली होती की आता ती कोणी बोलूनही दाखवत नसे. भिंतीवरच्या घड्याळासारखी ती आपली चालू असायची.

तीस वर्षांत आत्याच्या हाती किल्ली आली नव्हती. गिऱ्हाइकाकडे कोट पोचवायचा तर तिच्याबरोबर कोणीतरी जायचं. काचेची बरणी उचलली की, “राहू द्या वन्सं, मी घेते,” असं वहिनी म्हणायच्या, आणि खरोखर प्रेमानं म्हणायच्या. माणसं प्रेमानं जे काढून घेतात ना, ते परत मागायला तोंड राहत नाही.

गेल्याच आठवड्यात ठरलं होतं की लग्नानंतर किल्ल्यांचा दुसरा जुडगा करायचा आणि तो सुनेला द्यायचा. आत्यानं काज भरता भरता मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं, एक मलाही. मोठ्यानं म्हटलं नव्हतं. वेंधळ्या माणसानं किल्ली मागणं म्हणजे मांजरानं दुधाची राखण मागण्यासारखं, हे तिलाही पटलेलं होतं. हे पटलेलं असणं हीच या कथेतली मोठी चोरी आहे, ती लक्षात ठेवा.

सराफाची खोली पहिल्या मजल्यावर, उत्तरेला खिडकी असलेली. मधोमध लांब मेज, त्यावर काळी मखमल, वाकवता येणारा दिवा, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू आणि खिळ्याला टांगलेला मापाच्या कड्यांचा जुडगा. सराफ वयस्क होता. उंचीनं कमी आणि शब्दांनी त्याहून कमी.

खुर्च्या चार होत्या. दाराजवळ एक स्टूल होतं. आत्या स्टुलावर बसली. तिला कोणी तिथे बसवलं नाही, हे खरं आहे.

“आम्ही नुसतं बघायला आलोय,” वहिनी म्हणाल्या. “निवड मुलीची. आपलं काही म्हणणं नाही.” आणि त्यांनी सराफाकडे असं पाहिलं की ज्याचा अर्थ, आपलं म्हणणं तुमच्याकडे खणात ठेवलेलं आहे.

तपासनिसानं इकडे तिकडे वेळ घालवला नाही. तिनं काचेच्या कपाटापाशी जाऊन पाठीमागे हात बांधले, वरच्या रांगेपासून खालच्या रांगेपर्यंत नजर फिरवली, परत वर नेली आणि म्हणाली, “ती चौकोनी.”

सराफानं अंगठी मखमलीवर ठेवली. चौकोनी हिरा, कोपरे जरासे कापलेले, आणि आत पैलू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले. चौकोनी विहिरीत वरून डोकावावं तसं दिसत होतं. कड्यावर सगळ्या बाजूंनी वेलीची कोरीव नक्षी, आणि नक्षीच्या दोन्ही कडांना खसखशीएवढ्या मण्यांची ओळ.

“जुनी आहे?” मास्तरांनी विचारलं.

“नवी. धाटणी जुनी.”

“ऐकलंत?” वहिनी नवऱ्याकडे वळल्या. “नवी घ्यायची आणि जुनी दिसायची. आपण जन्मभर लोकांचे जुने कोट उलटून नवे करून दिले, आता उतारवयात हे शिकायचं.” मग सराफाला, “आणि ही चमकत का नाही हो?”

“चमकते. सावकाश.”

“सावकाश चमकून कसं चालेल? लोक किती वेळ थांबणार?”

चिरंजीव हसले आणि आईनं पाहिल्यावर खोकले. हा मुलगा कापडावर कात्री चालवताना सिंह होता आणि घरात जीभ चालवताना ससा. दोन्ही गुण त्यानं वडलांकडून घेतले होते.

“काकू,” तपासनीस म्हणाली, “मी दिवसभर लिफ्टचे दोर बघते. जिथे फार पुसून चकचकीत करून ठेवलेलं असतं, तिथे मी दोनदा बघते. याच्यात पार तळापर्यंत दिसतंय, म्हणून आवडली.”

“तळ बघायला विहीर आहे की गं. अंगठी लोकांनी बघायची असते.” वहिनींनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की दुकानातले कारागीर सुई थांबवत असत. “हे बघ बाळा, हॉल मोठा घेतलाय. शेवटच्या रांगेत माझ्या बहिणी बसणार. माझ्या लग्नात माझ्या बोटात जे वळं घातलं ना, ते बघायला त्यांनी माझा हात धरून खिडकीपाशी नेला होता. दोघींनी. आणि काही न बोलता परत आणून सोडला. ते मी विसरलेली नाही.”

आत्याला ती दुपार आठवत होती. नवी वहिनी खिडकीपासून परत आली होती, हात पदराखाली घेऊन.

सराफानं घसा साफ केला. “एक सांगायला हवं. दुसऱ्या पायरीवर कण आहे. काळा. गोल खड्यात तो चमकेत हरवला असता. यात दिसतो.”

“म्हणजे डागाचा,” वहिनी म्हणाल्या आणि निकाल लागल्यासारख्या मागे टेकल्या.

पण एक चूक त्यांच्याकडून झाली होती. बोलण्याच्या भरात त्यांनी मास्तरांच्या हातात भिंग येऊ दिलं होतं. मास्तरांनी अंगठी दिव्याखाली धरली. एक डोळा मिटला. मग बराच वेळ ते त्या खड्यात उतरत राहिले, एकेक पायरी.

“अहो,” वहिनी म्हणाल्या.

“थांब.” तीस-पस्तीस वर्षांत हा शब्द त्या घरात क्वचितच उलट्या दिशेनं गेला असेल. “हे साध्या राखाडी कापडासारखं आहे. फुलांच्या कापडावर कोणीही शिवेल, टाका वाकडा गेला तर फुलात जातो. बिनफुलाच्या राखाडीवर कारागिराला लपायला जागा नाही. या माणसानं एक रेघ वाकडी जाऊ दिलेली नाही. त्या कणापाशीसुद्धा.”

“म्हणजे तुम्ही तिच्या बाजूचे झालात.”

“मी कापडाच्या बाजूचा आहे.”

असं होतं बघा. तीन विरुद्ध एक म्हणून निघालेली फौज, जिन्यावर चढेपर्यंत शाबूत होती, आणि एका भिंगानं सेनापतींचे यजमान पळवले. पण वहिनी हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सराफाला मान हलवली. “दाखवा हो ती.”

सराफानं खणातून लाल डबी काढली. आत गोल खडा, हरभऱ्याएवढा, आणि त्याच्याभोवती बारीक खड्यांचं कडं. डबी उघडताच छतावर कवडसे नाचले. खरंच सुंदर होती. स्टुलावरून आत्याच्यासुद्धा तोंडून ‘अगं बाई’ निघालं.

“सहज करून ठेवली होती,” वहिनी म्हणाल्या.

“आई.” चिरंजीवांना कंठ फुटला. “तू म्हणालीस निवड तिची.”

“तिचीच आहे. दोन असल्याशिवाय निवड होणार कशी? एकातून काय निवडतात, सांग ना. घाल गं बोटात. घालून तरी बघ.”

तपासनिसानं भांडण केलं नाही. हात पुढे केला. वहिनींनी स्वतः अंगठी घातली. ती सरळ, काही न अडता, बोटाच्या मुळापर्यंत गेली आणि स्वतःच्या वजनानं फिरली. खडा तळहाताकडे गेला, वर राहिलं नुसतं वळं.

“अशीच वापरायची का?” मुलीनं अगदी गंभीरपणे विचारलं. “मुठीत?”

“नवी आहे. बसेल,” वहिनी म्हणाल्या.

आत्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे सरकवली होती. ती घ्यायला तपासनिसानं हात खाली केला मात्र, अंगठी बोटातून सुटली, फरशीवर टणकन आपटली, उभीच्या उभी धावत खोलीभर गेली आणि नेमकी आत्याच्या स्टुलापाशी आडवी झाली.

“वन्सं, हात लावू नका.”

वहिनींच्या तोंडून ते इतकं आपोआप निघालं की त्यांनाही ते ऐकू आलं नसावं. आणि आत्यानं काय केलं असेल? दोन्ही पाय वर घेतले. उंदीर दिसल्यावर घेतात तसे. हात मांडीत, पाय वर, आणि खाली ती अंगठी. सराफानं येऊन वाकून उचलेपर्यंत त्रेपन्न वर्षांची ती बाई तशीच अधांतरी बसून राहिली.

तपासनीस हे बघत होती. “का?” ती म्हणाली. “त्यांच्या पायाशीच तर होती. त्यांनी उचलली असती.”

“अगं, तुला माहीत नाही,” वहिनी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. ही गोष्ट घरात नेहमी हसतच सांगितली जाई. “आमच्या वन्सं आणि अंगठ्या, यांचं जमत नाही. यांचं लग्न ठरलं होतं. स्थळ चांगलं होतं, शाळेत विज्ञान शिकवायचा. अंगठी घातली, लोक जेवले, आणि संध्याकाळी ती मंडळी गाडीत बसून निघाली. वन्सं दुकानाच्या पायरीवर. यांना इतका आनंद, इतका आनंद, की हा असा हात हलवला.” वहिनींनी हलवून दाखवला. “अंगठी उडाली ती थेट गटाराच्या जाळीत. बायका-पुरुष सगळे ओणवे. दोन दिवस गटार उपसलं. आणि तिसऱ्या दिवशी यांच्या होणाऱ्या सासूबाईंचा निरोप. जिला अंगठी सांभाळता आली नाही ती घर काय सांभाळणार.”

“आणि तो?” तपासनिसानं विचारलं.

“कोण?”

“विज्ञान शिकवणारा.”

“तो काय बोलणार. आईपुढे.”

चिरंजीवांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

आत्या हसत होती. या गोष्टीत कुठे हसायचं हे तिला पाठ होतं. पण तेव्हापासून तिनं कोणाला हात हलवून निरोप दिलेला नाही, हे त्या गोष्टीत नसे. पाहुणे निघाले की ती हात मागे घेऊन नुसती मान हलवायची. रात्री पडल्या पडल्या कधी तो हात आठवायचा. इतका जोरात का हलवला? जरा बेतानं आनंद केला असता तर.

तपासनीस गप्प होती. ती गप्प झाली की तिचे वरिष्ठसुद्धा कागद आवरायला लागत, हे त्या घराला अजून कळलेलं नव्हतं.

“ही अंगठी कोणत्या मापावर केली?” तिनं सराफाला विचारलं.

सराफानं खणातून मागणीचा कागद काढला. त्याला टाचणीनं एक चिठ्ठी टोचलेली होती आणि चिठ्ठीत गुंडाळलेला पांढऱ्या कच्च्या दोऱ्याचा तुकडा.

“दोरा कुणी घेतला?”

चिरंजीवांनी हळूच हात वर केला. “मी. बसमध्ये. तुला झोप लागली होती.”

“काका, टेप आहे?”

शिंप्याला टेप आहे का विचारणं म्हणजे नदीला पाणी आहे का विचारणं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून दिली. लग्नघरच्या खरेदीलाही ती गळ्यात होतीच. तपासनिसानं टेप आपल्या बोटाभोवती गुंडाळली. सराफानं वाकून पाहिलं. “सोळा सूत,” तो म्हणाला, म्हणजे बरोबर दोन इंच.

मग तिनं दोरा मखमलीवर सरळ केला आणि टेपेला लावला. सतरा.

“मी एक सूत सोडून कापला,” चिरंजीव म्हणाले. “सवय. खुणेवर कधी कापत नाही आपण.”

चिठ्ठी उलगडली. मास्तरांचं टपोरं अक्षर. अठरा.

“दोरा ओढला गेला असेल म्हटलं,” मास्तर म्हणाले. “म्हणून एक धरला.”

सराफाचा कागद. एकोणीस.

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. “असं काय बघताय? लग्नानंतर अंग भरतं माणसाचं. पुढचा विचार नको करायला?”

तुम्हाला सांगतो, ही त्या घराची पिढीजात विद्या होती. कापताना शिवणीत थोडं कापड जास्तीचं सोडायचं, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांचे वडील, म्हणजे थोरले मास्तर, गादीवर बसून एकच वाक्य आयुष्यभर बोलले, जास्तीचं आत घेता येतं, कमी पडलं तर देवही जोड देत नाही. त्या वाक्यावर तीन पिढ्या जेवल्या. दोष एवढाच की त्या घरात प्रत्येक जण असं समजे की हे वाक्य फक्त आपल्यालाच आठवतं.

तपासनिसानं चारही गोष्टी मखमलीवर ओळीनं मांडल्या. आधी आपलं बोट, मग दोरा, मग चिठ्ठी, मग कागद. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. पायऱ्याच झाल्या. आणि पायऱ्या अशा नीट मांडल्या की माणूस आपोआप त्या उतरायला लागतो.

पहिले उतरले मास्तर. टेप हातात घेऊन बोटाभोवती गुंडाळत राहिले, उलगडत राहिले. मग म्हणाले, “त्या वेळी दोरा बाबांनी घेतला होता.”

“कधी?” वहिनींनी विचारलं.

“हिच्या अंगठीचा. बाबांनी घेतला, म्हणजे एक सूत त्यांनी सोडलंच असणार. मग मला म्हणाले, मोजून लिही. मी लिहिलं.” ते थांबले. “मी एक धरला. मला आठवतंय. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि बाबांनी पहिल्यांदाच मला माप लिहायला दिलं होतं. कमी पडून शिव्या खायच्या नव्हत्या.”

चिरंजीवांनी आपण कापलेल्या दोऱ्याकडे पाहिलं.

“आणि मुलाकडच्यांना जाऊन माप सांगितलं कोणी?” तपासनीस अगदी हळू बोलली. तिला उत्तर कळलेलं होतं. तिला ते मिळवायचं नव्हतं, पण आता अर्ध्या वाटेवर थांबता येत नव्हतं.

वहिनींनी पर्स उघडली, बंद केली. “मला सहा महिने झाले होते या घरात,” त्या म्हणाल्या. “सासऱ्यांनी मला पाठवलं, सून म्हणून, मानानं. मी चिठ्ठी वाचली. थंडीचे दिवस होते. मला वाटलं, थंडीत बोटं आकसतात.” पर्स पुन्हा उघडली. “एकच सूत सांगितलं मी जास्तीचं. एकच.”

प्रत्येकानं एकच. कोणी लबाडी केली नव्हती, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तीन भली माणसं, प्रत्येकाचा एकेक सुताचा चांगुलपणा, आणि त्या तीन सुतांच्या भोकातून एका बाईचं घर, नवरा आणि तीस वर्षांच्या किल्ल्या निसटून गेल्या. चूक झाली की ती घरातल्या सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर अगदी बेताची बसते, सज्जनहो. तिथे माप चुकत नाही.

आत्यानं डाव्या हाताचं बोट उजव्या हातात धरलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला सवय नव्हती.

“म्हणजे,” ती म्हणाली, “मी हात जोरात नव्हता हलवला.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“कसा हलवला होता, मला आठवतोय ना,” आत्या पुढे म्हणाली, जणू हिशेब नाही, हकिगत सांगतेय. “सगळे हलवतात तसाच.”

वहिनींना शांतता सोसत नसे. “जाऊ द्या. जुनी गोष्ट. जे झालं ते देवाच्या मनात होतं.” देवानं हे किती वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी किती समजूतदारपणे गप्प बसला असेल. “आपण कशाला आलोय ते बघू. दोघं एकीकडे झालेत, हा आमचा मुलगा कुठेच नाही. वन्सं, तुम्ही सांगा. गोल की चौकोनी?”

हे विचारणं नव्हतं. तीस वर्षं त्या घरात आत्याचं मत म्हणजे ‘वहिनी म्हणतील तसं’, आणि ते वहिनींच्या पर्समध्येच असायचं, किल्ल्यांच्या शेजारी.

आत्या स्टुलावरून उठली. मेजापाशी आली. दोन्ही अंगठ्या शेजारी शेजारी होत्या. तिनं हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. आधी गोल. मग चौकोनी. मग पुन्हा गोल.

“गोल फार छान आहे वहिनी,” ती म्हणाली. “पण बघून माझे डोळे दुखले. मला अजून काजं करायचीत.” आणि मग, “चौकोनी.”

“त्यात डाग आहे वन्सं.”

“आहे ना. दिसतोय. कुठे आहे ते माहीत असलं की बरं असतं.”

वहिनींनी तोंड उघडलं. आणि त्या घरात आजवर फार थोड्या वेळा घडलंय असं घडलं, त्यांनी ते काही न बोलता मिटलं.

“माप नीट हवं,” सराफ म्हणाला. आज त्याच्या वाट्याला बोलणं फारच आलं होतं. “साधं वळं कापून लहान करता येतं. याला सगळीकडून वेल आहे. कापलं तर वेल तुटते. एकदाच होईल.”

मास्तरांनी कड्यांचा जुडगा बघितला. “मग सोळा धरा. नाहीतर सोळा आणि वर थोडं...” सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात खिशात घातला.

“आत्या,” तपासनिसानं हात पुढे केला, “तुम्ही घ्या माप.”

“मी?” आत्यानं सवयीनं वहिनींकडे पाहिलं.

“तुम्ही काजं करता. काजात जास्तीचं किती सोडता?”

“काजात कसं सोडणार?” आत्याला प्रश्नच कळला नाही. “बटण आहे तेवढंच काज. जास्ती झालं की बटण निसटतं.”

हे ती गेली चाळीस वर्षं त्या घरात बसून करत होती. जे घर प्रत्येक मापाला एक सूत वर धरत आलं, त्या घरात एकच माणूस होतं जे खुणेवर कापत असे, आणि नेमकं त्यालाच त्यांनी वेंधळं ठरवलं होतं. हे ऐकून मास्तर हसले की काय झालं कळलं नाही. त्यांचे खांदे हलले.

आत्यानं पिशवीच्या कोपऱ्यातली सुईची पुडी काढली. दोरा काढला. मुलीचं बोट धरलं, सांध्यावरून दोरा घेतला, एकदा फिरवला, नखानं खूण धरली. खुणेवर कापला. अगदी खुणेवर. आणि तो तिनं कोणाच्याही हाती न देता स्वतः सराफाच्या हातात ठेवला.

सराफानं दोरा मापाच्या कांडीला लावला, एक कडं निवडलं आणि मुलीच्या बोटात घातलं. सांध्यापाशी ते क्षणभर अडलं, मग आत गेलं. मुलीनं हात खाली केला, झटकला, मूठ उघडली, मिटली. कडं होतं तिथेच होतं.

“झालं,” सराफ म्हणाला.

खाली रस्त्यावर आल्यावर पांगापांग झाली. मुलीला चारच्या आत एका इमारतीत पोचायचं होतं. चिरंजीव तिला सोडायला निघाले, आणि जाता जाता आईच्या देखत त्यांनी तिचा हात धरला. सशाच्या मानानं ही मोठीच उडी होती. मास्तरांना अस्तराच्या कापडाच्या दुकानात जायचं होतं. त्यांनी बहिणीसमोर येऊन तिच्या पिशवीचा बंद नीट केला, तो नीटच होता, आणि चालू लागले.

वहिनी राहिल्या. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. चष्मा शोधत असाव्यात म्हणून आत्यानं पिशवी पुढे केली.

“तो नाही.” वहिनींनी किल्ल्यांचा जुडगा काढला. आत्याकडे न बघता, समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत त्या म्हणाल्या, “मला जरा यांच्यामागे जावं लागेल. अस्तर घेताना यांना भान राहत नाही, गरज असते त्याच्या दुप्पट आणतात. तुम्ही पुढे होऊन दुकान उघडा. वरचं कुलूप आधी. खालचं जरा अडतं, किल्ली थोडी बाहेर ओढून फिरवायची.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली. “आवाजावरून.”

वहिनींनी जुडगा तिच्या हातात ठेवला, तिची बोटं त्यावर मिटवली आणि आपला हात क्षणभर तसाच वर ठेवला. वहिनींच्या त्या हातात अजून तेच होतं, लग्नातलं बारीक वळं. माफी मागायची पद्धत त्या घरात कधी पडलीच नव्हती. तिचं माप कोणी घेतलंच नव्हतं कधी.

“दुसरा जुडगा करायचा आहेच,” वहिनी म्हणाल्या. “तिसरा करायलाही काही हरकत नाही.” आणि त्या झपझप निघून गेल्या.

समोरून बस वळली. खिडकीत तपासनीस बसली होती, शेजारी चिरंजीव. तिनं काच सरकवली आणि आत्याकडे बघून हात हलवला.

आत्याचा हात सवयीनं मागे गेला. मग थांबला. मग पुढे आला, किल्ल्यांसकट. आधी छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि मग तिनं तो हलवला. सगळे हलवतात तसाच. किल्ल्या खणखणल्या, दोन माणसांनी वळून पाहिलं, बस वळणापलीकडे गेली तरी तिचा हात चालूच होता. शेवटी तिनं तो खाली घेतला आणि किल्ल्या मोजल्या. चारच्या चार होत्या. पायाशी गटाराची जाळी होती, तिच्यात काही पडलं नव्हतं.

आता मी थांबतो. हिरा तुमच्या लक्षात राहील, हिरे राहतातच. वहिनींनाही तुम्ही विसरणार नाही, त्या विसरू देणार नाहीत. मागणं आहे ते एवढंच. उद्या सकाळी कामाला निघताना गळ्याशी बटण लावाल. ते अडणार नाही, निसटणार नाही, बसायचं तिथे मुकाट बसेल. तेव्हा एक क्षण बोट तिथेच राहू द्या, आणि ते काज जिनं खुणेवर कापलं तिची, आपल्या आत्याची, आठवण ठेवा.